क्रिम्लची खिंड पायी ओलांडताना

ऑस्ट्रियातल्या क्रिम्ल गावाहून निघायचं, टाउर्नची २६३३ मीटरची खिंड चढायची आणि पलीकडे इटलीतल्या काझर्नला उतरायचं. दरवर्षी जूनअखेरीला किंवा जुलैच्या सुरुवातीला ही वाट लोक मिळून चालतात. २००७ पासून चाललेल्या या उपक्रमाचं नाव ‘अल्पाइन पीस क्रॉसिंग’. १९४७ च्या उन्हाळ्यात सुमारे ५,००० ज्यू निर्वासित याच वाटेनं पॅलेस्टाइनकडे निघाले होते, त्यांच्या आठवणीची ही वारी. इथं पालखी नाही, मुक्कामांची साखळी नाही, सगळा खेळ एका दिवसाचा. पण दिवेघाटाच्या हिशेबानं तयारी करून गेलात तर फसाल. हजार मीटरचा चढ आणि लगेच तेवढाच उतार, तोही दगडधोंड्यांतून.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: महायुद्ध १९४५ मध्ये संपलं, नाझींच्या छळछावण्या उघडल्या, मग दोन वर्षांनी ही माणसं रात्रीच्या अंधारात डोंगर का चढत होती? याचं उत्तर ठाऊक नसेल तर ही वाट म्हणजे नुसता देखणा ट्रेक.

जगलेवाचलेले घरी परतले तेव्हा घरात दुसरेच राहत होते. पोलंडमध्ये युद्धापूर्वी सुमारे ३३ लाख ज्यू होते, युद्धानंतर त्यातले दहातले नऊ नव्हते. ४ जुलै १९४६ रोजी किएल्त्से शहरात एका मुलाला ज्यूंनी तळघरात डांबून ठेवल्याची आवई उठली. प्लान्टी रस्त्यावरच्या ज्या घरावर बोट दाखवलं गेलं त्याला तळघरच नव्हतं. तरी जमाव, शिपाई आणि पोलीस मिळून ४२ ज्यूंना ठार केलं. त्यानंतर पोलंडमधून ज्यूंचा लोंढा सुरू झाला. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात झालेली ज्यूंची हत्याकांडं, एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ घेणारं १८९४ चं फ्रान्समधलं द्रेफ्यूस प्रकरण, ज्यू राष्ट्राचा पुरस्कर्ता हेर्झल याची १८९७ ची बाझेल परिषद, १९०३ चं किशिनेव्हचं हत्याकांड, या सगळ्यांतून ‘आपलं राष्ट्र हवं’ हा विचार कागदावर, परिषदांत आणि काही वसाहतींत आकाराला आला होता. पण तोवर बहुसंख्य ज्यूंना अमेरिकाच जवळची वाटे. किएल्त्सेनंतर मात्र युरोपात राहायचंच नाही, यावर फारसा वाद उरला नाही.

जायचं ठरलं, पण दार बंद. पॅलेस्टाइनवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता. १९३९ च्या श्वेतपत्रिकेत, म्हणजे सरकारी धोरणपत्रात, त्यांनी तिथं येणाऱ्या ज्यूंवर पाच वर्षांसाठी ७५,००० ची मर्यादा घातली होती. युद्धानंतर दरमहा १,५०० परवाने. ऑगस्ट १९४५ मध्ये निर्वासित छावण्यांची पाहणी करणाऱ्या हॅरिसन अहवालानं अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे एक लाख परवान्यांची शिफारस ठेवली, १९४६ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी समितीनं तीच पुन्हा केली. ब्रिटननं दोन्ही वेळा मानली नाही. मग परवान्याविना माणसं सरहद्दी ओलांडून बंदरांपर्यंत पोचवण्याचं काम ‘ब्रिखा’ या संघटनेनं हाती घेतलं. शब्दाचा अर्थच पलायन. १९४४ ते १९४८ या काळात सुमारे अडीच लाख ज्यूंनी अशा वाटांनी पूर्व युरोप सोडला.

आता नकाशा. याच्याशिवाय क्रिम्ल कळत नाही. ऑस्ट्रियाचे चार तुकडे झाले होते. उत्तर टिरोल फ्रेंचांकडे, पूर्व टिरोल आणि केर्न्टन ब्रिटिशांकडे, झाल्ट्सबुर्ग अमेरिकनांकडे. इटलीत उतरायचे सोपे घाट, ब्रेनर धरून, फ्रेंच क्षेत्रात होते. ब्रिटिशांच्या दबावामुळे तिथला पहारा कडक झाला. ब्रिटिश क्षेत्रातून जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. अमेरिकन क्षेत्राची हद्द इटलीला भिडत होती ती फक्त इथं, काही किलोमीटर, आणि तीही डोंगराच्या माथ्यावर. म्हणून ही खिंड. एवढी अवघड वाट हौसेनं कुणी निवडली नव्हती, नकाशात तेवढीच फट शिल्लक होती.

पोचायचं कसं? झेल आम झे इथून क्रिम्लपर्यंत ५३ किलोमीटरची छोट्या रुळांची पिन्झगाउ रेल्वे आहे. २०२१ च्या पुरात तिचं मोठं नुकसान झालं, त्यामुळे वरच्या टप्प्यात बस घ्यावी लागते का ते आधी बघून ठेवा. आदल्या रात्री क्रिम्लला किंवा थेट वर टाउर्नहाउसला मुक्काम करावा. क्रिम्लहून टाउर्नहाउसपर्यंत चालत साधारण तीन तास. आधी धबधब्याशेजारून वळणावळणाचा चढ. क्रिम्लचा धबधबा तीन टप्प्यांत मिळून ३८० मीटर कोसळतो, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळत असताना त्याच्या तुषारांनी वाटेच्या कडा निसरड्या होतात. वर पोचलं की आखे नदीचं रुंद, जवळजवळ सपाट खोरं, गायींच्या घंटा, लाकडी गोठे. जे एका दिवसात इटलीत उतरणार आहेत त्यांनी हा टप्पा गाडीनं करावा. धबधबा चढून पुढे खिंड गाठायचा हट्ट धरणारे बहुधा उतारावर गुडघे धरून बसतात.

१९४७ चे लोक मात्र हा टप्पाही पायीच चढले. झालफेल्डनमध्ये ‘गिव्हात अवोदा’, म्हणजे श्रमाची टेकडी, नावाची निर्वासित छावणी होती. तिथून रात्री ट्रक निघत आणि क्रिम्लजवळ माणसांना उतरवून परत जात. पुढची चाल अंधारात, वाटाड्यांच्या मागून. या वाटाड्यांत व्हिक्टर क्नोप्फ यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. झाल्ट्सबुर्गहून सूत्रं हलवणाऱ्यांत मार्को फाइनगोल्ड होते. आउश्विट्झ, नॉयनगामे, डाखाउ, बुखेनवाल्ड अशा चार छळछावण्यांतून ते जिवंत सुटले, आणि २०१९ मध्ये १०६ व्या वर्षी वारले.

टाउर्नहाउस साधारण १६३० मीटरवर आहे. १३८९ पासूनची नोंद असलेली ही डोंगरातली धर्मशाळाच म्हणा. १९४७ मध्ये ती लीझल गाइस्लर-शार्फेटर या बाई चालवत. रात्रभर चालून आलेल्यांना त्यांनी निवारा दिला, गरम खाऊ घातलं. दिवसा इथं विसावा आणि मग वर. या कहाणीत शौर्य शोधणाऱ्यांना आमचं एक सांगणं असतं: ट्रक वेळेवर येणं, इतक्या माणसांचं जेवण शिजणं, पलीकडे गाड्या तयार असणं, यावर सगळं उभं होतं. आणि ऑस्ट्रियाच्या अंमलदारांनी डोळेझाक केली त्यात माणुसकीचा वाटा किती होता, याबद्दल भाबडं राहू नये. दोन वर्षांपूर्वीपर्यंत नाझी राजवटीचा भाग असलेल्या देशाला हे लोक लवकर निघून गेले तर हवेच होते.

टाउर्नहाउसहून सकाळी सहा-सातच्या पुढे निघू नये. आल्प्समध्ये दुपारनंतर ढग दाटतात, विजा पडतात, आणि खिंडीत आडोसा नाही. दुपारी एकपर्यंत माथा ओलांडलेला असावा. थोडं पुढे गेल्यावर मुख्य खोरं सोडून उजवीकडे विंडबाखच्या खोऱ्यात वळायचं. पहिला चढ झाडीतून, खडा. मग कुरणं. ही कुरणं ऑस्ट्रियात असली तरी चराईचे हक्क पलीकडच्या आर्न खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे आहेत. दर जूनमध्ये ते गुरं हाकत हीच खिंड ओलांडून येतात. सरहद्द नंतर आखली गेली, गुरांची वाट आधीची.

साधारण २३०० मीटरनंतर गवत संपतं. शेवटच्या टप्प्यात दगडांची रास आणि त्यात उत्तरेच्या बाजूला जुलैपर्यंत टिकून राहणारे बर्फाचे पट्टे. सकाळी बर्फ कडक असतो, टाच रोवून पाऊल टाकावं लागतं. दहानंतर तो भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. धोका पट्ट्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त, कारण ऊन लागून तापलेल्या दगडाभोवतीचा बर्फ खालून वितळून पोकळ झालेला असतो. म्हणून दगडाला लागून असलेल्या बर्फावर पाय देऊ नये. घोट्याच्या वर जाणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट, दोन काठ्या, माणशी दोन लिटर पाणी, पावसाचं जाकीट, टोपी, हातमोजे. जूनमध्ये हातमोजे कशाला म्हणणारे खिंडीतल्या वाऱ्यात गप्प होतात. अडचण आली तर ऑस्ट्रियाच्या बाजूला डोंगरी बचावपथकाचा क्रमांक १४०, इटलीत ११२. पासपोर्ट जवळ हवाच. सरहद्दीवर चौकी नसली तरी खाली तपासणी होऊ शकते, आणि व्हिसा शेंगेनचा लागतो.

याच दगडांवरून ती माणसं शहरी बुटांत गेली. पाठीवर लहान मुलं, हातात बोचकी, आणि वाट दाखवायला पुढच्या माणसाची पाठ. हे वर्णन वाचण्यापेक्षा बर्फाच्या पट्ट्यात एकदा घोटा मुरगळला की जास्त कळतं.

माथ्यावर फार रेंगाळू नका. टाउर्नहाउसहून इथवर चार ते पाच तास, पलीकडे काझर्नपर्यंत तीन. उतार हाच खरा कस. पावलं छोटी ठेवा, काठ्या थोड्या लांब करा, दर अर्ध्या तासाला थांबा. जास्त घसरगुंडी होते ती खिंडीखालच्या ओल्या दगडांत नाही, तर शेवटच्या तासात, सोपी वाट लागल्यावर, पाय थकलेले असताना.

उतरता उतरता पुढचं बोलणं निघतंच. काझर्नहून गाड्या मेरानला, तिथून मिलानला आणि बंदरांकडे. ला स्पेत्सियात १९४६ मध्ये १,०१४ ज्यू बोटींवर अडकून उपोषणाला बसले होते. ११ जुलै १९४७ ला फ्रान्सच्या सेत बंदरातून निघालेलं ‘एक्सोडस’ जहाज ब्रिटिशांनी भर समुद्रात अडवून हैफाला आणलं आणि त्यावरच्या सुमारे ४,५०० जणांना शेवटी पुन्हा जर्मनीत, हांबुर्गला नेऊन उतरवलं. इतर पुष्कळांची रवानगी सायप्रसच्या छावण्यांत. १९४६ ते १९४९ दरम्यान तिथं बावन्न हजारांच्या आसपास माणसं तारेच्या कुंपणात होती. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव झाला, १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा. त्यातून पेटलेल्या युद्धात सात लाखांच्या घरात पॅलेस्टिनी अरब बेघर झाले आणि त्यांना परतू दिलं गेलं नाही. निर्वासितांच्या वाटेवर चालताना हे गाळून पुढे जाणं आम्हाला पटत नाही. इथल्या आयोजकांनीही चालण्याचा रोख आजच्या सर्वच निर्वासितांकडे ठेवला आहे.

मराठी वाचकाला आणखी एक बाजू ठाऊक असावी. अलिबाग-पेणकडचे आपले शनिवार तेली, बेने इस्रायली, कुणी हुसकावून न लावताही नव्या राष्ट्रात गेले. तिथं त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली. लग्नाच्या प्रश्नावर त्यांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, आणि १९६४ मध्ये धर्मपीठाला नमतं घ्यावं लागलं. सगळ्या ज्यूंसाठी म्हणून उभारलेल्या घराच्या उंबरठ्यावर मराठी बोलणाऱ्यांची अशी अडवणूक झाली.

काझर्न हे रस्त्याचं टोक. थोडं वर, वाटेलगत, हायलिग गाइस्टचं जुनं छोटं देऊळ आहे. खिंड उतरून येणारे पूर्वीपासून तिथं टेकत. परतीची बस आधीच ठरवलेली असली पाहिजे, कारण डोंगराच्या पलीकडे असलेलं क्रिम्ल रस्त्यानं ब्रुनेक, लीएन्झ आणि फेल्बरटाउर्नचा बोगदा असा मोठा वळसा घालून गाठावं लागतं. तीनेक तास धरून चाला. एक कोरडा मोज्यांचा जोड पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि बसमध्ये चढायच्या आधीच बदला.