आमची वाटचाल : टिपरच्या पंपापासून टू-स्ट्रोकच्या डायनोपर्यंत

वडिलांनी डिचोलीत काढलेले आमचे गॅरेज खाणीवरच्या टिपरांच्या डिझेल पंपांवर चालत असे. 2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या, मधल्या काळात थोड्या सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पुन्हा बंद पडल्या, तेव्हा आमच्याकडे महिना-महिना एकही पंप दुरुस्तीला येईनासा झाला. मला स्वतःला टू-स्ट्रोक इंजिनांची आवड पहिल्यापासून होती, आणि जुन्या आरएक्स 100 व राजदूत 350 मोटारसायकली जिवापाड जपणारी मंडळी म्हापसा-फोंड्याहून आमच्याकडे येतच होती. त्यांच्या भरवशावर पुण्याहून एक वापरलेला डायनो आणला. डायनो म्हणजे जड लोखंडी रोलर. त्यावर गाडीची मागची चाके फिरवायची आणि रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरून इंजिनाची ताकद काढायची.

पहिली क्वाड (चार चाकांची, मोटारसायकलसारखी चालवायची गाडी) आली ती सत्तरी तालुक्यातील एका बागायतदाराची, आयात केलेली यामाहा बॅन्शी. तिचे दोन सिलिंडरांचे इंजिन 347 सीसीचे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 64 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 54 मिलिमीटर, म्हणजे मापे अगदी राजदूत 350 चीच. फरक मुख्यतः एवढाच की हे पाण्याने थंड होते. हे इंजिन आपल्या हातातले आहे असे मी गृहीत धरले आणि गाडी सरळ रोलरवर चढवली. तिसऱ्या रनला, म्हणजे रोलरवरच्या चाचणीला, वरच्या आरपीएमवर आवाज एकाएकी कोरडा व टोकदार झाला, ताकदीची रेषा खाली वळली आणि मी क्लच दाबेपर्यंत उजवा सिलिंडर सीझ झाला होता, म्हणजे पिस्टन आत जाम झाला होता. इंजिन अडले तरी फिरता रोलर थांबत नाही, तो चाकांमार्फत त्याच इंजिनाला ओढत राहतो. त्या दोन सेकंदांत जे व्हायचे ते झाले. हेड उघडले तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे होते, रिंग खाचेत रुतून बसली होती आणि बोअरला ॲल्युमिनियमचा करडा लेप चिकटला होता. प्लगचे टोक चुन्यासारखे पांढरे होते. दोष निघाला क्रँकच्या उजव्या ऑइल सीलमध्ये: तिथून बाहेरची हवा आत शिरत होती आणि मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडत होते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत येते, म्हणून पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते आणि पिस्टनला थंडावा देणारा ओलावाही. नवे पिस्टन आणि बोअरचे काम आम्ही आमच्या खर्चाने करून दिले, कारण ते सील तपासणे आमचे काम होते.

तेव्हापासून लीक टेस्ट झाल्याशिवाय एकही इंजिन रोलरवर जात नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत सुमारे 6 पीएसआय दाबाने हवा भरायची आणि सहा मिनिटे काटा जागचा हलतो का ते पाहायचे. काटा उतरला तर साबणाच्या पाण्याने गळती शोधायची. या कामाला कधीकधी अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे पाहत बसते, तरी आम्ही त्यात सवलत देत नाही.

क्वाड रोलरवर पट्ट्यांनी बांधण्यातही बरेच शिकावे लागले. मातीसाठीचे खडबडीत गुट्ट्यांचे टायर रोलरवर तापून त्यांचे तुकडे उडतात, म्हणून गुळगुळीत टायर लावतो. चारही बाजूंनी पट्टे ताणतो, चेनच्या रेषेत आणि गाडीच्या मागे कोणाला उभे राहू देत नाही. इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला आणि त्याची बोटे पूर्ण वेळ क्लचवर. धूर नळीने बाहेर काढतो, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ट्यूनिंगची सुरुवात आम्ही मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) बाजूने करतो: मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र, दोन-तीन नंबर मोठा, पाणी नीट तापलेले, रन छोटा, आणि दोन रनांमध्ये पंख्याखाली विश्रांती. पुढे एकेक नंबर खाली. एक्झॉस्टमधील प्राणवायू मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरवर एकट्यावर विसंबत नाही, कारण टू-स्ट्रोकमध्ये थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर जाते आणि आकडा फसवतो. दोन्ही पाइपांत तापमानाचे प्रोब असतात. 650 अंशांच्या आसपास आम्ही हात आखडता घेतो. मात्र सर्वात घातक खूण उलटी असते: डेटोनेशन (मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम स्फोटासारखे पेटणे) सुरू झाले की उष्णता पिस्टन आणि हेडमध्ये जाते, त्यामुळे एक्झॉस्टचे तापमान चढण्याऐवजी उतरते. आकडा खाली आला म्हणून निश्चिंत होणारा नवखा मुलगा मी त्याच क्षणी थांबवतो.

गोव्याची हवा हाही कामाचा भाग आहे. मे महिन्यातील दमट दुपारी हवेत प्राणवायू कमी असतो, म्हणून त्या दिवशी नेमका बसवलेला जेट डिसेंबरच्या गार पहाटे लीन ठरतो. चोर्ला घाट चढून सुमारे 750 मीटर उंचीच्या बेळगावला गेल्यावर तेच इंजिन रिच चालते; तिकडे ट्यून केलेली गाडी किनाऱ्यावर आली तर धोका उलट दिशेने. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल स्वतःचा प्राणवायू घेऊन येते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी लीन पडते. म्हणून आम्ही देत असलेल्या कागदावर अश्वशक्तीच्या आकड्याच्या वर त्या दिवसाचे तापमान, आर्द्रता, पेट्रोल आणि जेटचा नंबर लिहिलेला असतो, आणि डिसेंबरात आम्ही स्वतः फोन करून प्रत्येक गिऱ्हाइकाला प्लग तपासायला बोलावतो.