ज्यांच्यासाठी इतक्या लांब गेलो

रात्रभर रेल्वेचा प्रवास, सकाळी अनोळखी शहर आणि दुपारपासून मैदानाबाहेरची रांग. पुढे उभ्या असलेल्या मुलीनं जॅकेटवर आमच्या लाडक्या बँडच्या पहिल्या अल्बमचं चित्र हातानं रंगवलं होतं. कडेच्या निळ्या रंगाचे पोपडे सुटले होते, इतकं ते वापरलेलं. शेवटच्या गाण्यातला गिटारचा सोलो आज किती लांबवतील, यावर आमच्या गप्पा रंगल्या. अशी माणसं भेटतात म्हणूनही मला मैफलीसाठी प्रवास करायला आवडतं.

तिकिटं मागच्या भागाची, स्टेजपासून शंभरेक मीटरवर. पहिल्याच गाण्यात काहीतरी बिघडल्याचं जाणवलं. प्रत्येक ठोका दोनदा कानावर येत होता. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्टेजवरचा ठोका आमच्यापर्यंत यायला जवळपास ०.३ सेकंद लागणार. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये स्पीकरचे जादा टॉवर उभारतात आणि त्यांच्यातला आवाज मोजून तेवढाच उशिरा सोडतात. इथे तो मेळच बसला नव्हता. बेस नुसता घुमत होता, शब्द कळत नव्हते.

काही गाण्यांनंतर आम्ही गर्दीतून सरकत साउंड डेस्कमागच्या कठड्याला जाऊन उभे राहिलो. गाण्यातले सगळे आवाज जुळवणारा, म्हणजे मिक्सिंग करणारा, तिथेच उभा राहून ऐकतो, त्यामुळे तिथे सहसा सगळं नीट ऐकू येतं. तसं आलंही. आणि खरी निराशा तिथे सुरू झाली.

गायकानं माइक लोकांकडे धरला, तरी त्याचा आवाज चालूच राहिला. वरच्या सुरातली ओळ ट्रॅकवरची, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली होती. बॅकिंग ट्रॅकला माझा विरोध नाही. व्हायोलिनचा ताफा प्रत्येक गावी कोण नेणार? वयानं आवाज उतरला की गाणं अर्ध्या सुरानं खाली घेतात, त्यातही मला काही कमीपणा वाटत नाही. पण ट्रॅकसोबत राहायचं म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, वाजत असते आणि गाणं त्या मापात अडकतं. सोलो रेकॉर्डवर जेवढा, तेवढाच झाला. एका गाण्यानंतर सगळं मैदान धृपद गातच राहिलं. गिटारवाल्यानं मान वर करून पाहिलं, हात तारांवर नेला, आणि तेवढ्यात पुढच्या गाण्याचा ट्रॅक सुरू झाला. हजारो लोकांचं गाणं मधेच तुटलं. ते मला फार लागलं.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून जास्त लोकांच्या किंकाळ्यांत बीटल्सना आपलंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. तरी वाजलं ते त्या क्षणाचं होतं. मी तेवढ्यासाठीच गेलो होतो.

एन्कोरला, म्हणजे कार्यक्रम संपल्यावरच्या जादा गाण्याला, मात्र गायक एकटाच साधी गिटार घेऊन आला. ट्रॅक नाही, क्लिक नाही. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकला, तो थांबला, लोकांनी ओळ पुरी केली आणि तो त्यांच्या लयीत शिरला. गाणं रेकॉर्डपेक्षा कितीतरी संथ झालं होतं. त्या एका गाण्यासाठी मी पुन्हा तिकीट काढीन, पण ते छोट्या हॉलमध्ये वाजवणार असतील तेव्हा.