बँक घेतली, आता काढू नका

१३२/३३ केव्हीच्या सबस्टेशनवर शिफ्ट करणाऱ्याचा अर्धा जीव व्होल्टेजच्या काट्यात अडकलेला असतो. शेतीच्या फीडरची पाळी सुरू झाली की ऑटो स्विच लावलेले पंप एकदम उचलतात. प्रत्येक मोटरला फिरण्याआधी चुंबकीय क्षेत्र उभं करायला रिॲक्टिव्ह पॉवर लागते. ती लांबच्या वीजकेंद्रातून ओढत आणली तर वाटेतच व्होल्टेज पडतं. म्हणून ती जागेवरच द्यायची, कॅपॅसिटर बँकेतून, म्हणजे कॅपॅसिटरच्या संचातून. बँक ‘घेणं’ म्हणजे ती जोडणं, ‘काढणं’ म्हणजे तोडणं. त्यातही गंमत बघा: व्होल्टेज दहा टक्के पडलं की बँक आपल्या क्षमतेच्या ८१ टक्केच देते. ऐन गरजेला हात आखडता! म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधीच बँक घेतलेली बरी.

पाळी संपली की सगळं उलटं. हलक्या लोडवर लांब लाइन स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर तयार करते, त्यात बँक तशीच राहिली तर काटा आणखी वर.

नवीन पोरं म्हणतात, मग दर तासाला बघून चालूबंद करा ना! पण काढलेली बँक लगेच घेता येत नाही, डिस्चार्ज व्हायला दहा मिनिटं तरी द्यावी लागतात. प्रत्येक खेपेला ब्रेकर, म्हणजे बँक जोडणारा-तोडणारा स्विच, झिजतो. ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमीजास्त करणाऱ्या टॅप चेंजरचंही तेच, तो किती वेळा हलला ते मोजणारा काउंटर मेंटेनन्सवाले आधी बघतात. समजा पहाटे सहाला रात्रपाळी संपली आणि आठला दिवसपाळी आहे. सहाचा आकडा म्हणतो बँक काढा, आठचा म्हणतो घ्या. १३२ केव्हीची बाजू १४५ केव्हीच्या आत असेल, तर मी बँक राहू देतो आणि एक टॅप खाली घेऊन ते दोन तास काढतो. सहा वाजताचा हा निर्णय आठकडे बघितल्याशिवाय घेताच येत नाही. शेजारच्या स्टेशनने त्याच वेळी काय केलं, हा आणखी एक घोळ. दोघांनी एकदम बँक काढली की दोघांचाही काटा खाली, मग पुन्हा फोनाफोनी. सगळ्यांचं चित्र फक्त लोड डिस्पॅचला, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्राला दिसतं.

आधी आखणी केली तर काय साधतं ते ५ एप्रिल २०२० ला दिसलं. कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. लोड १२-१३ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता, देशभरात उतरले सुमारे ३१ हजार. तरी ग्रिड टिकलं. जलविद्युत केंद्रांनी उत्पादन झपाट्याने खाली घेतलं, हे सगळ्यांनी छापलं. पण रिॲक्टिव्ह पॉवर शोषून व्होल्टेज खाली आणणारे रिॲक्टर आधीच घेतले होते, कॅपॅसिटर काढले होते, काही लाइनी उघडल्या होत्या, हे फार कुणी सांगत नाही.

आता शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीमुळे शेतीचं लोड दिवसाकडे सरकतंय. रात्री व्होल्टेज जास्त वेळ चढं राहतं, आणि दुपारी ढग आला की सौरचं उत्पादन उतरतं, पंप मात्र चालूच. सौर प्रकल्पांचे इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर देऊही शकतात आणि शोषूही शकतात, पण बरेचसे युनिटी पॉवर फॅक्टरवर, म्हणजे ना देणं ना शोषणं अशा स्थितीत, लावून ठेवलेले. त्यांनाही उद्याच्या वेळापत्रकात ओढायला हवं. बँकेचा ब्रेकर किती दिवस एकटाच राबणार?