थुटक्यांची माळ

शुक्रवार, रात्री साडेदहा

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदीबैलांच्या सणाला, चार दिवस राहिले. भाच्यानं सकाळी दारातूनच विचारलं, "आत्या, माह्या नंदीची माळ झाली का?" मी "होईन" म्हणाले. मी ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून मणी करते, पण फिरोजी रंगाची एकही पूर्ण कांडी घरात नव्हती. मागवलेल्या कांड्या तालुक्यापर्यंत आल्यात, पण नाल्याला पूर असल्यानं गाडी इकडे येत नाही. डब्यात होती ती फक्त थुटकी, वापरून उरलेले तुकडे. वर्षभर जमवलेली, कोणतं तीन सेंटीमीटरचं, कोणतं पाच.

नवी कांडी सुमारे ३३ सेंटीमीटरची असते. पेन्सिलीसारखी बोटांत धरून फिरवत राहायची. काचेतून उष्णता फार लांब जात नाही, म्हणून एक टोक मधासारखं गळत असलं तरी दुसरं हाताला गारच लागतं. कांडी चार-पाच सेंटीमीटरवर आली की मात्र ज्योतीची धगच बोटांशी येते आणि तुकडा डब्यात जातो. आजवर असंच चाललं होतं.

आज गुरांच्या डॉक्टरांनी दिलेला जुना आर्टरी फोर्सेप, शस्त्रक्रियेतला चिमटा, काढला. कात्रीसारखी मूठ, टोकाला बारीक करवती दात आणि मुठीपाशी अडकायच्या खाचा. खाच लागली की दाबून धरावं लागत नाही. पहिल्या थुटक्याला मी तिन्ही खाचा घट्ट लावल्या. दातांखाली काचेचा टवका उडाला आणि तुकडा टेबलाखाली घरंगळला. दुसऱ्याच्या वेळी उलटी चूक केली. ज्योतीतून काढलेलं गरम टोकच थंड पोलादात धरलं. टच्चकन आवाज झाला, दोन तुकडे.

आई भाजी निवडत बसली होती. "कायले येवढी धडपड करून राह्यली वं? नवी काच येईन तं कर." मग थोड्या वेळानं, हातातली मेथी तशीच ठेवून म्हणाली, "तुही आजी पेळू कसा धरे, ते पायलं नाही तू. दाबाचं नसते." आजी पेटीचरख्यावर कातायची. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, घट्ट धरला की तार तुटते, हे तिनं आईला शिकवलं आणि आईनं आज मला. मी एकच खाच लावली. थुटकं फोर्सेपच्या रेषेत सरळ बसवलं, कारण तिरपं बसलं तर मनगट वळवताना टोक गोल न फिरता भोवंडतं. वितळलेली काच जिच्यावर गुंडाळून मणी होतो ती सळई डाव्या हातात फिरत असते, उजव्या हातानं काच फक्त पुरवायची. त्यामुळे मनगटाचा अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे, एवढंच पुरतं. पण बोटांना सवय आहे ती पूर्ण फेऱ्याची. पाऊण तास गेला तेव्हा कुठे हात फोर्सेपला आपलं म्हणू लागला.

थंड टोकाकडून धरायचं, ज्योतीच्या लांबच्या शेपटीत फिरवत फिरवत आत आणायचं. एकदम मध्ये घातलं की काच तडकून अंगावर उडते. शेवटचा दीड सेंटीमीटर सोडून द्यायचा. तिथं हाव केली की धग दातांपर्यंत जाते आणि तिथंच तडा जातो.

दुसरा उपाय सांधण्याचा. दोन थुटक्यांची टोकं लाल करून हलकेच टेकवायची, किंचित आत रेटायची, मग जरा ओढून जाडी सारखी करायची. मला हे फार आवडतं. पण मागच्या उन्हाळ्यात मी एक भलतंच केलं होतं. मूठ म्हणून प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेची कांडी जोडली. जोड सुरेख दिसला आणि गार होता होता सांध्यावर फुटला. आपल्या मण्यांच्या मऊ काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर किती फुगते आणि गार होताना किती आकसते त्याचा आकडा, १०४, बोरोसिलिकेटचा ३३. एक तिप्पट आकसते, दुसरी त्या मानानं जागची हलत नाही. जोडायचं तर एकाच जातीशी.

नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाण काळात, म्हणजे मोठ्या दगडांच्या थडग्यांच्या काळात, अकीक दगडाचे मणी घडत. तिथले मणी आठवले की मी नेहमी एकाच गोष्टीशी अडते: एवढासा गोल दगड भोक पाडताना त्या माणसानं धरला कशात असेल? लाकडाच्या खाचेत, लाखेत, की नुसत्या दोन बोटांत?

सात मणी झाले आणि वीज गेली. ज्योतीला ऑक्सिजन पुरवणारं यंत्र बंद, ज्योत पिवळी. फिरोजीत तांबं असतं. ऑक्सिजन कमी पडला की त्यावर करडी-लालसर साय धरते. आठवा मणी तसा काळवंडला. गॅस बंद करून तो वर्मिक्युलाइटच्या, म्हणजे ऊब धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांच्या, डब्यात पुरला, एकदम गार होऊन तडकू नये म्हणून. पाऊण तासानं वीज आली. उरलेले तीन मणी केले आणि सगळे भट्टीत ठेवले. काचेतला ताण जावा म्हणून ५१० अंशांवर मुरवले, आता भट्टी सावकाश उतरतेय.

अकरा मणी झाले. एक काळवंडलेला आहे, पण भाच्याला विचारून बघेन, त्याला तो नंदीच्या गळ्यात मधोमध हवा असेल कदाचित. डब्यात अजून दोन फिरोजी थुटकी आहेत. फोर्सेप पुसून खिळ्याला टांगला. भट्टी ३१० वर आलीय, झाकण पहाटेपर्यंत उघडायचं नाही.