आमची १९९८ची मारुती ८००, भाग ६: मागचा डावा ब्रेक (दोनदा!)

मागच्या भागात कार्बोरेटर झाला, आयडलला कुरकुरायची थांबली, आणि मी घरी जाहीर केलं होतं की आता महिनाभर हात काळे करणार नाही. तेवढ्यात साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. फेल वगैरे नाही, दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून घाम फुटण्यावरच भागलं, पण पोवई नाक्याला ब्रेकवर पाय ठेवून उभा राहिलो तर पेडल हळूहळू आपलं खाली सरकतंय, लिफ्टसारखं.

पेडल असं दाबून धरल्यावर बसत असेल तर दोनच शक्यता, एक तर ब्रेक ऑइल कुठूनतरी बाहेर जातंय नाहीतर मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) आतल्या आत कपांवरून, म्हणजे रबरी सीलवरून, मागे सुटतंय. मी बाहेरचं आधी बघितलं कारण ते फुकट असतं. डबीतली लेव्हल मिनिममच्या खाली, आणि मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओली, ओघळ अगदी रिमपर्यंत आलेला. बोट लावून वास घेतला, ब्रेक ऑइलच.

पुढची चाकं दोन्ही बाजूंनी विटा लावून अडवली, मागून जॅक आणि खाली स्टँड. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्यांनी हा भाग इथेच वाचायचा थांबवावा आणि आधी स्टँड आणावेत.) हँडब्रेक सोडला, केबल पण ढिली केली. टोपी काढली, स्प्लिट पिन सरळ करताना तुटली, ती तशीही नवीनच घालायची असते, मग कॅसल नट. ड्रम काही निघेना. २५ वर्षांत आतून झिजून कडेला गंजाचा ओठ तयार होतो आणि तो लायनरला (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा पट्टा) अडकतो, मी अर्धा तास हातोडी घेऊन त्याची विनवणी करत होतो आणि अण्णा पडवीत खुर्चीवर बसून "अरे पुलर आण, पुलर" करत होते. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून पुलर आणला, पाच मिनिटांत ड्रम हातात.

आत सगळा चिखल. व्हील सिलिंडरचं (चाकातला छोटा सिलिंडर, तो लायनर ड्रमवर दाबतो) रबरी बूट उचललं तर ऑइल भळकन बाहेर. लायनरच्या खालच्या अर्ध्या भागाने ऑइल पिलेलं, ते पुसून परत वापरायचं नसतं, घासलं तरी गरम झालं की परत पाझरतं, आणि लायनर एका चाकाचे नाही दोन्ही चाकांचे बदलायचे नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणार. काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, मी साबणाच्या पाण्याने ओली करून धुतली.

आता माझा शहाणपणा. सिलिंडर उघडला तर आत थोडे गंजाचे ठिपके होते. मी म्हटलं पॉलिश पेपर मारू आणि नुसतं किट, म्हणजे नवे रबरी कप, टाकू. बारीक पेपर मारला, गुळगुळीत वाटलं. नवे कप आत सरकेनात म्हणून समोर काय दिसलं तर इंजिन ऑइलचा कॅन. दोन थेंब लावले, कप सटकन बसले, मला केवढा आनंद.

हवा काढायला लेकीला पेडलवर बसवलं. दाब, धर, मी निपल (सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडणार, ऑइल येणार, मी बंद करणार, मग सोड. हा क्रम चुकला आणि निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेरची हवा आत. आमचं पहिल्या दहा मिनिटांत तीनदा चुकलं कारण ती म्हणे "बाबा, तू 'झालं' म्हणालास की मी सोडते, पण तू प्रत्येक वेळी झालं झालं करतोस." मुद्दा बरोबर होता. मग आकडे ठरवले, एक म्हणजे दाबून धर, दोन म्हणजे सोड. पारदर्शक नळीचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं ठेवायचं म्हणजे बुडबुडे दिसतात. निघालेलं ऑइल टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं. अण्णांच्या गाडीच्या वहीत शोधलं (१९९८ पासून प्रत्येक पेट्रोलची नोंद आहे, टायरची हवासुद्धा), ब्रेक ऑइलची शेवटची नोंद २०१५! हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, डॉट ३ ग्रेडचं ऑइल नवीन असताना उकळायला निदान २०५ डिग्री लागतात, ओलावा शिरला की हाच आकडा १४० पर्यंत येतो. म्हणजे घाटात ब्रेक तापून आत वाफ धरायची सोय आपणच करून ठेवलेली. सिलिंडरमधला गंजही त्याच पाण्याचा.

पेडल मस्त कडक झालं. आठवडाभर मी सगळ्यांना सांगत फिरलो.

नवव्या दिवशी कराडहून येताना गाडी जड वाटायला लागली, घरी उतरलो तर मागून जळका वास. रिमवर पाण्याचे चार थेंब टाकले, चर्र झालं. जॅकवर घेतली, चाक हाताने फिरेना. निपल उघडून बघितलं, कारण प्रेशर अडकून राहिलं असेल तर तिथे सुटतं आणि चाक मोकळं होतं. नाही झालं. हँडब्रेकची केबल ढिली केली, तरी नाही. म्हणजे सिलिंडरचे पिस्टनच बाहेर अडकलेले.

परत पुलर. उजव्या बाजूसाठी आणलेलं किट अजून पाकिटातच होतं, त्यातला कप काढून निघालेल्या कपाशेजारी ठेवला. नऊ दिवसांचा कप रात्रभर भिजत घातलेल्या शेंगदाण्यासारखा फुगलेला, मऊ, कड लाटेसारखी वाकडी. इंजिन ऑइलचे ते दोन थेंब! ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेलं असतं, खनिज तेल, साधं ग्रीस, पेट्रोल, रॉकेल काहीही लागलं की फुगतं. लावायचंच तर ब्रेक ऑइलच लावायचं, जे त्या क्षणी माझ्या डाव्या हाताला दीड फुटावर होतं.

यावेळी पॉलिश पेपरचा नाद सोडला. बॅटरीने आत बघितलं तर ते ठिपके म्हणजे खड्डेच होते, नवा कपसुद्धा तिथे घासून लवकर गेला असता. जुना सिलिंडर हातात घेऊनच दुकानात गेलो, शेजारी ठेवून, भोकं जुळवून नवा आणला, साडेतीनशे. या मॉडेलचं उत्पादन २०१४ ला बंद झालं पण असले पार्ट आमच्याकडे अजून पहिल्याच दुकानात मिळतात. पाइपचा नट साध्या दहाच्या पान्याने सोडवू नका, कोपरे घासले की बसा बोंबलत, फ्लेअर नटचा पाना घ्या, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो.

मग चारही चाकांचं ऑइल पूर्ण काढून नवीन. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब म्हणजे मागचं डावं, तिथून सुरू केलं. डबीच्या झाकणातलं रबरही बघितलं, फुगलेलं नव्हतं, म्हणजे इंजिन ऑइल वरपर्यंत गेलेलं नाही, नाहीतर मास्टर सिलिंडरही उघडावा लागला असता. एक थेंब फेंडरवर पडला, लगेच पाणी मारलं तरी नखाएवढा रंग सुरकुतलाच.

आतापर्यंत ३४० किमी झाले, यवतेश्वर दोनदा. उतरल्यावर चारही रिमना हात लावून बघतो, मागचे दोन्ही सारखेच कोमट. डबीवर मार्करने रेघ मारलीय, ऑइल रेघेवरच आहे. उजवीकडे लायनर बदलले पण सिलिंडर कोरडा दिसला म्हणून तसाच ठेवलाय, रविवारी बूट उचलून बघणार. पुलर अजून माझ्याकडेच आहे आणि गॅरेजवाल्याचे दोन फोन येऊन गेलेत.