ऑटोपायलट दिसतो पॅनेलमध्ये, बसतो शेपटीत

आमच्या विमानाच्या पॅनेलवर, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीवर, मुख्य पडद्याच्या जरा वर, एक अरुंद जागा गेलं वर्षभर ॲल्युमिनियमच्या झाकणाखाली राखून ठेवली होती. ऑटोपायलटसाठी, म्हणजे विमान आपोआप सरळ धरून ठेवणाऱ्या यंत्रणेसाठी. तो बसवायचा की नाही यावर घरात एकमत होत नव्हतं, म्हणून जागा ठेवली आणि विमान उडवायला लागलो. या हिवाळ्यात ते झाकण काढलं. त्यानंतरचे चार महिने ओहायोतल्या एका छोट्या धावपट्टीशेजारच्या आमच्या हँगरमध्ये शनिवार-रविवार कसे गेले, ते आज लिहिते आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. विमान आरव्ही-९ए, शेजारी शेजारी दोन जागांचं. ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं किट आणून मी आणि नवऱ्याने ते गॅरेजमध्ये बांधलं. हे इथे अमेरिकेत कायदेशीर आहे का, असं तिकडून बरेच जण विचारतात. आहे. शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी बांधत असाल आणि निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्यांनी स्वतः केलेलं असेल, तर एफएए हे इथलं विमान वाहतूक खातं विमान तपासून त्याला ‘एक्सपरिमेंटल’ वर्गातलं प्रमाणपत्र देतं. सगळे याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. ‘एक्सपरिमेंटल’ हा शब्द किमान २ इंच उंच अक्षरांत विमानावर लिहावा लागतो. मुख्य बांधणारी म्हणून मला रिपेअरमनचं प्रमाणपत्र मिळालंय. दरवर्षीची तपासणी मीच करते आणि लॉगबुकमध्ये सहीही माझीच असते. ते प्रमाणपत्र फक्त या एका विमानापुरतं आहे. अशा विमानात ऑटोपायलट बसवायला परवानाधारक मेकॅनिक लागत नाही, आणि उपकरणही मोठ्या विमानांसारखं प्रमाणित असावं लागत नाही. म्हणजे चूक झाली तर ती पकडणारं पहिलं माणूसही मीच.

ऑटोपायलट नको म्हणणारी मी होते. एवढी वर्षं खपून बांधलेलं विमान दुसऱ्याच्या हाती का द्यायचं, असं मला मनापासून वाटायचं. मत बदललं ते गेल्या उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी. ईरी सरोवराच्या काठाने परत येत होतो. हवा धुरकट, पाणी राखाडी, आकाशही तसंच राखाडी. ढग एकही नव्हता, तरी क्षितिज कुठे आहे ते कळेना. दोनेक मिनिटं मी फक्त पडद्यावरच्या कृत्रिम क्षितिजाकडे बघून उडवलं. शरीर सांगत होतं आपण सरळ चाललोय आणि पडदा सांगत होता डावा पंख झुकलाय. पडद्यावर विश्वास ठेवला. पण तो ठेवायला किती जोर लावावा लागला, ते मी विसरलेले नाही.

घरी आल्यावर १९५४ सालचा इलिनॉय विद्यापीठाचा प्रयोग पुन्हा वाचला. केवळ उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं होतं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कारण आपल्या कानात आहे. आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतो, पण वळण तसंच चालू राहिलं की तो स्थिरावतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ आहोत. ऑटोपायलटला कान नाहीत. आम्ही घेतलेल्या उपकरणावर तर एक बटणच आहे, दाबलं की पंख सपाट आणि नाक क्षितिजावर. त्या एका बटणासाठी मी हो म्हटलं.

ऑटोपायलटची कल्पना जवळजवळ विमानांइतकीच जुनी आहे, हे मला अलीकडेच कळलं. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ, सेन नदीवर, २१ वर्षांच्या लॉरेन्स स्पेरीने दोन्ही हात वर करून आपलं विमान प्रेक्षकांसमोरून नेलं, आणि त्याच वेळी त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला. झुकू पाहणारं विमान स्पेरीचे जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरत आपली दिशा न सोडणारी चाकं, सावरत होते. आज तेच काम नखाएवढी चिप करते.

तर पॅनेल. बटणांची पट्टी कुठे असावी यावर आम्ही खूप वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही. खऱ्या मापाची चित्रं छापून पुठ्ठ्यावर चिकटवली, पुठ्ठा पॅनेलवर लावला आणि संध्याकाळी हँगरमध्ये नुसती सीटवर बसून राहायचे. पट्टे घट्ट बांधून. डोळे मिटून हात नेला तर ते बटण सापडतं का? हवेत विमान उडत असताना, म्हणजे धक्के बसत असताना, मनगट कशाला टेकवता येईल? पहिली जागा याच कसोटीत गेली. तिथे पोहोचायला खांदा पट्ट्यातून पुढे काढावा लागत होता. शेवटी राखून ठेवलेली जागाच योग्य ठरली, फक्त पट्टी अर्धा इंच उजवीकडे सरकली. मग पॅनेल विमानातून बाहेर काढलं, स्टेप ड्रिलने कोपऱ्यांवर भोकं पाडली, मधला भाग कापला आणि कडा कानशीने घासल्या. शेवटचा मिलिमीटर हातानेच. पत्र्याचा भुगा उपकरणांच्या मागे पडू द्यायचा नसेल, तर पॅनेल जागेवर ठेवून कापू नये, एवढं मी कुणालाही सांगेन.

पण पॅनेलवर दिसतो तो ऑटोपायलट नव्हेच. ती त्याची बटणं. त्याचे हात दुसरीकडे असतात: एक सर्व्हो मोटर (सांगितलं तेवढंच फिरणारी) पंखाच्या पोटात, एलेरॉन म्हणजे विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या पंखावरच्या पट्टीच्या बेलक्रँकशेजारी (हालचालीची दिशा बदलणारा तरफेसारखा सांधा), आणि दुसरी पार मागे शेपटीच्या नळकांड्यात, नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरच्या बेलक्रँकशेजारी. शेपटीतल्या जागेपर्यंत जायला सामानाच्या कप्प्यामागची भिंत काढून पोटावर सरपटत आत जावं लागतं. मी लहान चणीची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. फळीवर पालथी पडून, कपाळावर दिवा लावून, दोन बोटांनी नट फिरवायचा आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) घालायला जागा करायची. एएन३ मापाच्या बोल्टच्या नटाला २० ते २५ इंच-पाउंड, त्यापेक्षा जास्त नाही. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर नारिंगी रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढे कधी नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते.

या जागी मी सगळ्यात जास्त थांबले. मोटरला एक छोटी दांडी असते आणि ती पुशरॉडने, म्हणजे ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या सळईने, बेलक्रँकला जोडलेली असते. स्टिक, म्हणजे विमान चालवायचा हातातला दांडा, मध्यावर असताना दांडी आणि पुशरॉड यांच्यात काटकोन हवा. स्टिक टोकाला नेली की दांडी फिरते. ती जास्त फिरली तर एका क्षणी दांडी आणि पुशरॉड एका रेषेत येतात, आणि त्या रेषेच्या पलीकडे गेली की अडकते. म्हणजे जमिनीजवळ, तिरप्या वाऱ्यात, तुम्ही स्टिक पूर्ण उजवीकडे नेली आणि ती परतच आली नाही. म्हणून दांडी मध्यापासून दोन्हीकडे साधारण ६० अंशांच्या आतच राहिली पाहिजे, आणि तरीही पलीकडे जाऊ नये म्हणून धातूचा आडवा थांबा बसवायचा. आमच्या पंखातल्या मोटरची दांडी पहिल्या जोडणीत एका बाजूला जास्त जात होती. पुशरॉडची लांबी दोन आटे फिरवून बदलली, पुन्हा मोजलं. नवरा स्टिक हलवायचा, मी कोनमापक धरायचे. किती वेळा ते मोजलं नाही, पण रविवारची अख्खी दुपार गेली.

आमच्या धावपट्टीवर एक निवृत्त गृहस्थ आहेत, स्वतः दोन विमानं बांधलेले. ईएए या हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनेचे ते टेक्निकल काउन्सेलर आहेत, म्हणजे बोलावलं की येऊन काम बघून जाणारे स्वयंसेवक. त्यांनी पंखाची झडप उघडून बराच वेळ आत बघितलं आणि मला म्हणाले, “मोटर जाम झाली आहे असं समज. आता तुझा हात तिच्यावर मात कसा करतो, ते मला दाखव.” मी दाखवलं. स्टिकवरचं लाल बटण दाबलं की मोटर सुटते. बटण चाललं नाही तर ब्रेकर ओढायचा, वीज बंद. तेही नाही जमलं तर जोर लावायचा. दांडीला धरणारा पितळी स्क्रू मुद्दाम कमजोर केलेला असतो, तो तुटतो आणि स्टिक मोकळी होते. ते “ठीक” म्हणाले आणि पुढच्या नटाकडे वळले.

वायरिंगबद्दल थोडंच लिहिते. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मी घरी टेबलावर तयार केला. सुंदर काम असतं ते, एकेक पिन वायरीवर दाबून (क्रिम्प करून) डी-सब कनेक्टरच्या भोकात ‘टक्’ करून बसवायची. उपकरणं एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन वायरींच्या जोडीवर बोलतात. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लागतो, म्हणून वीज बंद ठेवून दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० यायला हवेत. मला १२० आले. एका टोकाचा रोधक नाही, इतकं मीटर सांगत होतं. कोणत्या टोकाचा, ते कळायला पुन्हा शेपटीत शिरावं लागलं. मागच्या मोटरच्या कनेक्टरमध्ये तो लावायचाच राहिला होता. लावला, ६० आले.

मग जमिनीवरची चाचणी. इंजिन बंद, ऑटोपायलट चालू, दिशा उजवीकडे मागितली. स्टिक डावीकडे गेली.

मोटर पंखात उलट्या तोंडाने बसवावी लागली होती, त्यामुळे तिची फिरण्याची दिशा सेटिंगमध्ये बदलायची होती. बदल पाच सेकंदांचा. पण हे हवेत कळलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मी त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

कागदोपत्री प्रश्न असा होता की हा बदल मोठा की छोटा. आमच्या विमानाच्या अटींमध्ये लिहिलंय की मोठा बदल केला तर एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवायचं आणि विमान पुन्हा किमान ५ तास चाचणीच्या टप्प्यात न्यायचं. ऑटोपायलट छोटा बदल समजणारे लोकही मला भेटले. जी गोष्ट थेट स्टिकला हात घालते तिला मी छोटी म्हणू शकत नाही. मोठाच धरला. चाचणीच्या टप्प्यात सोबत प्रवासी चालत नाही, म्हणून नवरा हँगरच्या दारात रेडिओ घेऊन उभा राहिला आणि मी एकटी गेले.

पहिल्या तासात ४,५०० फुटांवर बटण दाबलं. दिशा धरली, उंची धरली. पण पंख सतत डुलत होते, दोनेक अंश डावीकडे, दोनेक उजवीकडे. संवेदनशीलता एक पायरी कमी केली. डुलणं मंदावलं, पण वळणंही सुस्त झाली. आणखी कमी केली, तर मागितलेली दिशा ओलांडून मागे यायला लागली. मी खाली उतरले. आकड्यांशी खेळत बसण्यापेक्षा जोडणी बघावी, असं वाटलं. पंखाची झडप उघडून पुशरॉडचं टोक बोटांनी हलवलं, तर बोल्ट भोकात किंचित खेळत होता. कागदाच्या जाडीइतका. मोटर हलायची, एलेरॉन हलायचं नाही, मग एकदम हलायचं, आणि ऑटोपायलट बिचारा तीच चूक परत परत सुधारत बसायचा. टोक बदललं, संवेदनशीलता मूळ आकड्यावर आणली. दुसऱ्या उड्डाणात पंख स्थिर.

बाकीचे तास चढणं, उतरणं, वळणं, हळू वेगात आणि जास्त वेगात उंची धरणं, आणि प्रत्येक वेळी लाल बटण दाबून स्टिक लगेच मोकळी होते का ते बघणं. इथे एक सवय लावून घेतली. ट्रिम, म्हणजे स्टिकवर जोर न लावता नाक जागेवर राहावं यासाठीची जुळवणी, बिघडलेलं असताना ऑटोपायलट गपचूप जोर लावून नाक धरून ठेवतो, आणि सोडताक्षणी नाक उसळतं. पडद्यावर ट्रिमचा बाण दिसला की आधी ट्रिम, मगच पुढचं काम.

पाचवा तास संपल्यावर लॉगबुकमध्ये तारीख, तास आणि विमान सुरक्षित असल्याची नोंद करून सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा उजव्या सीटवर बसला. त्याच सरोवराच्या काठाने गेलो, ३,५०० फुटांवर. “सोडू?” त्याने विचारलं. मी मान हलवली आणि आम्ही दोघांनी स्टिकवरून हात काढले. विमान सरळ जात राहिलं. माझा अंगठा मात्र लाल बटणापासून बोटभर अंतरावर होता, आणि परत येईपर्यंत तिथेच राहिला.