नऊ किलो

वजनकाट्यावर 59 किलो दिसताच 74 वर्षांच्या आजींची मुलगी आनंदाने म्हणाली, "नऊ महिन्यांत नऊ किलो, डॉक्टर! थायरॉइड एकदाचा आटोक्यात आला." मंद थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, गोळी घेणाऱ्या आजी गप्प होत्या. तपासणीसाठी उठताना त्यांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे रेटले, तरी पहिल्या खेपेस त्यांना उठता आले नाही, आणि माझे लक्ष तिथेच अडकले.

मनगटावर नाडी मिनिटाला 84 लागली. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले, तर ठोके 110 आणि कोणत्याच तालात न बसणारे. हा फरक पूर्ण मिनिटभर मोजल्याशिवाय कळत नाही, आणि हल्ली मिनिटभर नाडी धरायला आमच्यापैकी फारशा कोणाला सवड नसते. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, दिसले. रक्तात थायरॉइडचे हार्मोन कमी पडले की चढणारा आणि जास्त झाले की उतरणारा टीएसएच फारच खाली, 0.03 निघाला.

थायरॉइडचे हार्मोन जास्त झाल्याची कापरे, घाम यांसारखी पुस्तकी लक्षणे उतारवयात पुष्कळदा दिसतच नाहीत. माणूस नुसता मलूल होतो, रोडावतो, आणि घरचे वयाला बोल लावतात. इथे तर रोडावण्याचे कौतुकच झाले. वास्तविक थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा थोडेच असते आणि त्यातही बराचसा भाग साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. तरीही गोळीने चरबी झडते हा समज आम्ही डॉक्टर मंडळी फारशा नेटाने खोडून काढत नाही. आजींच्या मांड्यांचे स्नायूच झडले होते.

थायरॉक्सिनचा डोस तर तोच होता, 125 मायक्रोग्रॅम. उलगडा जुन्या कागदावर, माझ्याच अक्षरात सापडला. आजी वर्षानुवर्षे सकाळी थायरॉक्सिनबरोबरच कॅल्शियमची गोळी घेत असत. कॅल्शियममुळे थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषले जात नाही, त्यामुळे टीएसएच उतरेना आणि डोस 75 वरून चढत गेला. दहा महिन्यांपूर्वी मीच कॅल्शियम रात्री घ्यायला सांगितले, आणि तोच डोस आता नीट शोषला जाऊन जास्त ठरू लागला. दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर हवेच, तेव्हा सल्ला चुकीचा नव्हता. मात्र त्याखाली 'सहा आठवड्यांनी टीएसएच' ही ओळ मी लिहिलेली नव्हती.

डोस पुन्हा 75 वर आणला, हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू केले. आठ आठवड्यांनी टीएसएच 0.9 झाला, वजन 61; नाडी अजून तालावर आलेली नाही. चूक माझी होती, असे मी दोघींना सांगितले. त्यावर मुलगी म्हणाली, "पण तुम्ही लिहून दिलेले आम्ही सगळे तंतोतंत पाळले होते, डॉक्टर."